क्रिप्टो पोझिशन तोट्यात गेली: ठेवायची, कमी करायची की सोडायची? (हिशोबासकट)

गिरणाकाठ, चाळीसगाव

राम राम मंडळी. बाजार जोरात पडला की आपल्याकडच्या ग्रुपांवर एकच प्रश्न फिरतो, "ठेवू की काढू?" आणि काही न विचारता उत्तर येतं, "ठेव रे भाऊ, वर येईल." कॉइन कोणतं, स्पॉट (पूर्ण पैसे देऊन घेतलेलं कॉइन) की फ्युचर्स (थोडं तारण ठेवून मोठ्या आकाराचा लावलेला भावाचा सौदा), पैसा घरचा की उसना, हे कळल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर देताच येत नाही. म्हणून हा धागा. ज्यांना विषय माहीत आहे त्यांनी आकड्यांनिशी लिहा. भाव कुठे जाईल याची भाकितं इथे नकोत.

आधी क्रम. घाबरलेला माणूस नेमकं उलटं करतो. जे पटकन विकलं जातं ते, म्हणजे बहुधा बिटकॉइन, आधी विकतो आणि जे खरोखर बुडायला आलंय ते तसंच ठेवतो. पहिलं लक्ष फ्युचर्सकडे हवं, कारण तिथे वेळ तासांत मोजायची असते. मग उसन्या पैशाने घेतलेला माल, मग ज्या कॉइनचा जीवच संपत आलाय ते. घरच्या पैशाचं स्पॉट बिटकॉइन किंवा इथेरियम सगळ्यात शेवटी. तिथे घाई नसते.

आता मुख्य गोष्ट. परदेशी व्हिडिओंत सांगतात की खरेदीभाव विसरा, आज हातात रोख असती तर हेच कॉइन घेतलं असतं का, एवढंच स्वतःला विचारा. अमेरिकेत हे बऱ्यापैकी लागू पडतं, कारण तिथे एका व्यवहाराचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होतो. आपल्याकडे १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के सेस आहे, म्हणजे ३१.२ टक्के. (कलम ११५बीबीएच म्हणून सगळे ओळखतात ते हेच. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत.) एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही आणि पुढच्या वर्षीही ओढता येत नाही. एका कॉइनमध्ये १ लाख कमावले, दुसऱ्यात १ लाख घालवले, तर हाती शून्य आणि तरी ३१,२०० रुपये कर.

याचा तोट्यातल्या पोझिशनवर थेट परिणाम होतो. १ लाखाला घेतलेला माल आज ६०,००० वर आहे असं धरा. ठेवला आणि तो परत १ लाखावर आला तर कर काहीच नाही. तोच ६०,००० ला विकून दुसरं कॉइन घेतलं, तर करानंतर हातात १ लाख पडायला ते नवं कॉइन १,१८,१४० पर्यंत जावं लागतं. म्हणजे जुन्याला ६७ टक्के चढायचं आहे, नव्याला ९७ टक्के. खरेदीभावापर्यंतची ही करमुक्त वाट विकल्याबरोबर बंद होते. म्हणून आपल्याकडे विचारायचा प्रश्न असा: दुसरं कॉइन या फरकाइतकं सरस आहे का?

जुनं कॉइन मेलेलंच असेल तर मात्र ही वाट कागदावरच राहते. ते कसं ओळखायचं यावर कोणीतरी सविस्तर लिहा.

सराफबाजार, जळगाव

भाऊ, दुसरं कॉइन नकोच. तेच विकायचं आणि अजून खाली आल्यावर तेच परत घ्यायचं, असं बरेच जण करतात. त्याचा हिशोब मांडा ना.

गिरणाकाठ, चाळीसगाव

वरचंच उदाहरण घ्या. खरेदी १००, आज ६०. ६० ला विकलं, खाली घेतलं आणि भाव परत १०० ला गेला. नुसतं ठेवण्याशी बरोबरी व्हायलाच पुन्हा खरेदी ५०.८ च्या खाली व्हावी लागते, म्हणजे विक्रीभावापेक्षा साधारण १५ टक्के खाली. विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो तो नंतर परत मिळाला तरी तेवढ्याची खरेदी त्या वेळी होत नाही. त्यात दोन्ही बाजूंची फी आणि फीवर १८ टक्के जीएसटी. सगळं धरून १६-१७ टक्के. ५-७ टक्के खाली घेऊ म्हणून विकणारा भावाचा अंदाज बरोबर येऊनही तोट्यात राहतो.

लेखापाल, अमळनेर

यूएसडीटीत (डॉलरशी भाव बांधलेलं कॉइन) जाऊन थांबणाऱ्यांसाठी एक भर. कॉइन देऊन यूएसडीटी घेणं हेही कायद्याने हस्तांतरणच आहे. तोटा तिथेच बुक होतो आणि टीडीएसही लागतो. पुढे यूएसडीटीचे रुपये केले की पुन्हा टीडीएस. पडत्या बाजारात तीन-चार वेळा आत-बाहेर केलं की भांडवल कसं आटतं ते बघा. प्रत्येक विक्रीला १ टक्का धरला तर १० फेऱ्यांनंतर १ लाखातले सुमारे ९०,४०० वापरात राहतात, २० नंतर ८१,८००, ५० नंतर ६०,५००. फी आणि तोटा वेगळाच. हे पैसे बुडत नाहीत, २६एएसमध्ये (आयकर खात्याकडची तुमच्या कापलेल्या कराची नोंद) दिसतात, पण रिटर्न भरून परतावा येईपर्यंत सरकारकडे पडून राहतात.

आता ॲव्हरेजिंग (भाव पडल्यावर अजून घेऊन सरासरी खरेदीभाव खाली आणणं), कारण तिथे सगळ्यात जास्त गफलत होते. ॲपमध्ये दिसणारा सरासरी भाव हा तुमचा खरा बरोबरीचा भाव नसतो. एक नग १०० ला घेतला, भाव पडल्यावर दुसरा ५० ला. ॲप म्हणतं सरासरी ७५, म्हणून ७५ ला दोन्ही विकले. एक्स्चेंजचे कर-अहवाल साधारणपणे फिफोने बनतात, म्हणजे आधी घेतलेलं आधी विकलं. पहिल्या नगावर २५ तोटा, दुसऱ्यावर २५ नफा. तोटा वजा होत नाही, नफ्यावर ७.८ कर. म्हणजे "बरोबरीत सुटलो" म्हणणारा ७.८ नी खाली आहे. खरा बरोबरीचा भाव ७९.६ येतो. सगळी खरेदी सरासरी खर्चाने धरणारेही सीए आहेत, त्यांचा आकडा वेगळा येईल. कोणती पद्धत धरायची ते आपल्या सीएसोबत एकदा ठरवा आणि दरवर्षी तीच ठेवा. वर्षागणिक सोयीप्रमाणे बदललेली पद्धत नोटीस आल्यावर टिकत नाही.

कपाशी, पारोळा

मग ॲव्हरेज करायचंच नाही का? सगळे तर तेच सांगतात.

लेखापाल, अमळनेर

करायचं, पण पहिली खरेदी करायच्या आधी ठरवून. समजा एका कॉइनमध्ये जास्तीत जास्त ६०,००० घालायचे आहेत. तर २०,००० आज, २०,००० भाव २५ टक्के खाली आल्यावर, २०,००० भाव ४५ टक्के खाली आल्यावर. तिसरा हप्ता संपला की हात बांधलेले. चौथा हप्ता केवळ सरासरी सुंदर दिसावी म्हणून घातला जातो आणि घात तिथेच होतो. ॲव्हरेज बिटकॉइन-इथेरियमपलीकडे करू नये आणि लिव्हरेजवर (तारणाच्या कैकपट आकाराच्या सौद्यात) तर कधीच नाही, या मताचा मी पक्का आहे.

संगम, मुक्ताईनगर

फ्युचर्सवर लिहितो, तिथेच लोक सगळ्यात वेगाने साफ होतात.

१०x लाँग (भाव वाढेल यावर, तारणाच्या दहापट आकाराचा सौदा), आयसोलेटेड मार्जिन (या एकाच सौद्यापुरतं तारण), मेंटेनन्स मार्जिन (सौदा उघडा राहायला लागणारं किमान तारण) ०.५ टक्के. बिटकॉइन १,००,००० डॉलरला घेतलं, आकार ०.१ बिटकॉइन, मार्जिन १,००० डॉलर. लिक्विडेशन (एक्स्चेंजने सौदा जबरदस्तीने बंद करणं) सुमारे ९०,४५० वर. म्हणजे साडेनऊ टक्के पडझड आणि मार्जिन शून्य. २०x ला हेच अंतर साडेचार टक्क्यांच्या आसपास येतं, आणि बिटकॉइनला तेवढं हलायला कधी कधी एक दुपार पुरते. लिक्विडेशन शेवटच्या सौद्याच्या भावावर होत नाही, मार्क प्राइसवर (एक्स्चेंजने स्वतः काढलेल्या संदर्भ-भावावर) होतं. ॲपमध्ये अलार्म लावताना तो मार्क प्राइसवर लावा.

भाव ९४,००० ला आला, तोटा ६०० डॉलर. इथे माणूस घरून अजून पैसे आणून मार्जिन वाढवतो. त्याने लिक्विडेशन लांब जातं हे खरं, पण जोखीम आहे तेवढीच राहते आणि अडकलेला पैसा वाढतो. आधी आकार अर्धा करा. पण यात एक खाच आहे. आयसोलेटेडमध्ये अर्धी पोझिशन बंद केली की अनेक एक्स्चेंजवर अर्धं मार्जिनही वॉलेटमध्ये परत जातं आणि लिक्विडेशन भाव जागचा हलत नाही. लोक समजतात आपण सुरक्षित झालो. अर्धी बंद केल्यावर ५०० पैकी ३०० तोट्यात जाऊन २०० सुटतात. ते २०० हाताने उरलेल्या पोझिशनला परत जोडा, तेव्हा लिक्विडेशन ९०,४५० वरून साधारण ८६,४३० वर जातं. बाहेरून एक पैसा न आणता ४,००० डॉलरची जागा मिळते. क्रॉस मार्जिनमध्ये हे आपोआप होतं, पण तिथे सगळं वॉलेट पणाला लागलेलं असतं, म्हणून फ्युचर्स वॉलेटमध्ये लागतील तेवढेच पैसे ठेवायचे.

दुसरी गळती फंडिंगची, म्हणजे सौदा उघडा ठेवल्याबद्दल दर काही तासांनी एका बाजूने दुसऱ्या बाजूला द्यायच्या पैशांची. ८ तासांना ०.०१ टक्का ऐकायला काहीच वाटत नाही. दिवसाला ०.०३ टक्का, आणि तो पूर्ण आकारावर. १०x ला मार्जिनच्या हिशोबाने दिवसाला ०.३ टक्का, महिन्याला ९ टक्के. बाजार तापलेला असताना ८ तासांना ०.१ टक्का झाला तर दिवसाला मार्जिनच्या ३ टक्के. तोट्यातली लिव्हरेज पोझिशन "वर येईपर्यंत ठेवतो" म्हणणाऱ्याने हे पैसे कुठून जाणार ते आधी मोजावं.

पांझरा, धुळे

संगमभाऊ, स्पॉट तसंच ठेवून तेवढंच शॉर्ट करून (भाव पडेल यावर सौदा लावून) हेज करण्याबद्दल, म्हणजे तोटा झाकण्याबद्दल काय म्हणता? टीडीएस वाचतो असं सांगतात.

संगम, मुक्ताईनगर

बाहेरच्या देशात चांगलं हत्यार आहे. आपल्याकडे ते दोन ठिकाणी गळतं. एक, स्पॉटचा १ लाख तोटा आणि शॉर्टचा १ लाख नफा एकमेकांत मिटत नाहीत. क्रिप्टो फ्युचर्सवरचा कर ३० टक्क्यांनी की धंद्याचं उत्पन्न म्हणून स्लॅबने, यावर सीएंमध्ये एकमत नाही, पण कसंही धरलं तरी नफ्यावर कर आहेच आणि स्पॉटचा तोटा त्याच्या कामाचा नाही.

दुसरं म्हणजे एडीएल. मोठ्या पडझडीत एक्स्चेंजचा विमा निधी अपुरा पडला की नफ्यात असलेल्या पोझिशन एक्स्चेंज आपणहून बंद करतं. १० ऑक्टोबर २०२५ च्या रात्री, आपल्याकडे ११ तारखेच्या पहाटे, २४ तासांत १,९०० कोटी डॉलरहून जास्त लिक्विडेशन झालं. ६ तारखेला १,२६,००० च्या आसपास असलेलं बिटकॉइन १,०५,००० च्या खाली गेलं, छोटी कॉइन मिनिटांत अर्ध्याहून खाली आली. त्या रात्री अनेकांचे शॉर्ट असे बंद झाले आणि स्पॉट उघडं पडलं. सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच हेज जाऊ शकतं, हे धरून चाला. ज्याला खरंच जोखीम कमी करायची त्याने स्पॉटच थोडं विकावं.

केळीबाग, सावदा

उसन्या पैशाचा मुद्दा मी घेतो, कारण आपल्या पट्ट्यात हाच प्रकार जास्त आहे. केळीचे किंवा कापसाचे पैसे येईपर्यंत सोनं गहाण ठेवून, नाहीतर पीक कर्जातून बाजूला काढून टाकलेले पैसे.

सोनेतारण १ लाख, व्याज समजा १२ टक्के. वर्षाला १२,०००. क्रिप्टोच्या नफ्यातून फक्त खरेदीची किंमत वजा होते, कर्जाचं व्याज होत नाही. म्हणून नुसतं व्याज भरून निघायला कॉइन खरेदीभावापेक्षा १७,४४० रुपये वर जावं लागतं. आधीच ४० टक्के खाली असलेल्या मालाकडून ही अपेक्षा. आणि थांबायचं किती? डिसेंबर २०१७ चा २०,००० डॉलरजवळचा उच्चांक बिटकॉइनने डिसेंबर २०२० मध्ये ओलांडला, तीन वर्षांनी. मधे ते ३,२०० पर्यंत आलं होतं. नोव्हेंबर २०२१ चा ६९,००० चा उच्चांक मार्च २०२४ मध्ये ओलांडला, मधे १६,००० च्याही खाली जाऊन. ही सगळ्यात भक्कम कॉइनची कथा. सोनेतारणाची मुदत साधारण वर्षाची असते. दागिन्यांचा लिलाव बिटकॉइनसाठी थांबत नाही.

पीक कर्जाचं तर अजून वाईट. पीक कर्जावरची व्याज सवलत मुदतीत परतफेड केली तरच मिळते. ती हुकली की पूर्ण व्याज, खातं थकबाकीत, आणि पुढच्या हंगामाला सोसायटी दारात उभं करत नाही. पीक कर्जाचे पैसे कॉइनमध्ये असतील तर भाव न बघता काढा.

काही जण म्हणतात कापूसही आपण भाव येईल म्हणून घरात ठेवतोच. कापसाखाली हमीभाव असतो, २०२५-२६ ला लांब धाग्याचा ८,११० रुपये क्विंटल होता आणि सीसीआयचं (भारतीय कापूस महामंडळ) केंद्र होतं. कॉइनखाली कोणीच उभं नाही.

अनेर, चोपडा

मेलेलं कॉइन कसं ओळखायचं, यावर.

भाव किती पडला हा त्याचा पुरावा नाही. बिटकॉइनही ७७ आणि ८४ टक्के पडलेलं आहे. बघायचं ते पुरवठा. मे २०२२ मध्ये टेरा या प्रकल्पाचं यूएसटी (डॉलरशी भाव बांधलेलं कॉइन) एका डॉलरपासून सुटलं आणि त्याला सावरायला लुना, म्हणजे टेराचंच दुसरं कॉइन, छापलं गेलं. काही दिवसांत लुनाची संख्या सुमारे ३५ कोटींवरून साडेसहा लाख कोटींवर गेली. ८० डॉलरचं लुना पैशाच्या अंशावर आलं. त्या आठवड्यात ॲव्हरेज करणाऱ्यांनी स्वस्त भाव बघितला, छपाई बघितली नाही. कोणत्याही कॉइनसाठी तीन आकडे शेजारी लिहा: आज फिरत असलेली संख्या, एकूण होऊ शकणारी संख्या, आणि पुढच्या १२ महिन्यांत खुले होणारे टोकन. फिरती संख्या २० टक्केच असेल तर उरलेले ८० टक्के कधीतरी तुमच्यावरच विकले जाणार आहेत. बाजारमूल्य तेच राहून भाव अर्धा होऊ शकतो.

मग उलाढाल. तुमचा सगळा माल विकायला निघालात तर ऑर्डर बुकमध्ये (खरेदी-विक्रीच्या उभ्या ऑर्डरींची यादी) भाव किती खाली ओढला जातो ते प्रत्यक्ष मोजा. ५०,००० चा माल विकताना भाव ८ टक्के खाली जात असेल तर ॲपवर दिसणारी किंमत खरी नाही. मोठ्या एक्स्चेंजने डीलिस्टिंगची (त्या कॉइनची खरेदी-विक्री बंद करण्याची) नोटीस काढली असेल तर शेवटच्या तारखेची वाट बघू नका, नोटिशीच्या पहिल्या दिवशी खरेदीदार असतात, शेवटच्या दिवशी नसतात. प्रकल्पाचा कोड महिनोन्‌महिने हललेला नाही, ब्रिज (एका ब्लॉकचेनवरून दुसरीवर कॉइन नेणारी सोय) फुटलाय, संस्थापकांनी स्वतःचे टोकन हलवलेत, यातल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की माझ्या लेखी विषय संपला. २०१७ च्या तेजीतली कित्येक कॉइन आजही जुन्या भावाच्या जवळ नाहीत.

पांझरा, धुळे

स्टॉपलॉस (भाव ठरल्या आकड्याला पडला की आपोआप विकायची ऑर्डर) लावण्यात काय चुकतं ते सांगतो.

स्टॉप-लिमिटमध्ये ट्रिगर (ऑर्डर पेटवणारा भाव) ९५ आणि लिमिट (ज्याच्या खाली विकायचं नाही तो भाव) ९४.८ असं इतकं जवळ ठेवतात की जोरात पडताना भाव ९५ वरून थेट ९२ ला जातो, ऑर्डर पेटते पण कोणी घेत नाही, आणि माल ८० ला हातातच असतो. बिटकॉइनला ट्रिगर आणि लिमिटमध्ये १ ते २ टक्के अंतर ठेवा, छोट्या कॉइनला ५ टक्के किंवा जास्त. स्टॉप-मार्केटमध्ये माल जातो हे नक्की, भाव कोणता मिळेल हे नाही. रुपयातल्या जोड्यांमध्ये ऑर्डर बुक पातळ असतं, तिथे स्टॉप-मार्केट महागात पडतं. मोठा माल असेल तर चार-पाच तुकडे करून लिमिट लावा.

स्टॉप गोल आकड्यावर नको, सगळ्यांचे तिथेच असतात. १४ दिवसांचा एटीआर (रोजच्या चढउताराची सरासरी) काढा आणि त्याच्या दुप्पट अंतर द्या. एटीआर ३ टक्के असेल तर स्टॉप ६ टक्क्यांवर. याहून जवळचा स्टॉप रोजच्या हलण्यातच उडतो. आणि स्टॉप एक्स्चेंजवर लावायचा, डोक्यात नाही. हा बाजार रात्रंदिवस चालतो, सर्किट (मोठ्या पडझडीत व्यवहार थांबवायची सोय) नाही, आणि पावसाळ्यात गावाकडची लाइट आणि नेट कधी जाईल सांगता येत नाही.

आकार किती घ्यायचा? भांडवल २ लाख, एका सौद्यात जास्तीत जास्त १ टक्का म्हणजे २,००० गमवायची तयारी. स्टॉप ८ टक्के खाली. २,००० भागिले ०.०८, म्हणजे २५,००० चा सौदा. स्टॉपपेक्षा खालच्या भावाला विकलं जाऊ शकतं (स्लिपेज), ते धरून ८ ऐवजी १० टक्के मोजा, २०,००० येतात. आणखी एक आकडा लक्षात ठेवा. नफ्यातून कर जातो, तोट्यातून काहीच परत येत नाही. त्यामुळे दहातले पाच सौदे बरोबर येणाऱ्याला बरोबरीत राहायलाच जोखमीच्या १.४५ पट नफा लागतो. चार बरोबर येत असतील तर २.१८ पट. १ ला १ वर खेळणाऱ्याचं भांडवल हळूहळू पण नक्की जातं.

कपाशी, पारोळा

समदं वाचं. पन मन्हा दोस्तना प्रश्न असा शे, बठ्ठा पैसा अडकी जायेल शे, आते काय करानं? आकडे देतो: बिटकॉइन स्पॉट दीड लाखाचं १ लाख १० हजार झालंय. एक छोटं कॉइन १ लाखाचं १८,००० वर. फ्युचर्समध्ये १०x लाँग, मार्जिन ५०,०००, तोटा ३०,०००. यातले ८०,००० सोनेतारणाचे, १२ टक्क्यांनी, आणखी सहा महिन्यांनी मुदत संपते. कापसाचे पैसे दिवाळीनंतर येतील.

गिरणाकाठ, चाळीसगाव

क्रमाने घेऊ.

फ्युचर्स आधी. ५ लाखांच्या आकारावर ६ टक्के खाली आहे, लिक्विडेशन इथून पावणेचार टक्क्यांवर. एवढं बिटकॉइन साध्या दिवशीही हलतं. पैसा उसना असताना मी इथे अर्धंसुद्धा ठेवणार नाही. बंद करा, २०,००० हातात येतात.

छोटं कॉइन अनेरभाऊंच्या कसोटीवर घासा. नापास झालं तर काढा. १८,००० मधून १८० टीडीएस जाऊन १७,८२०, फी वेगळी. "८२ टक्के गेले, आता काय विकायचं" हा विचार इथे करू नका. १८,००० चेही २,००० होऊ शकतात, आणि परत १ लाख व्हायला त्याला साडेपाचपट चढायला हवं. पास झालं तर त्याची खरेदीभावापर्यंतची वाट करमुक्त आहे, ठेवायला हरकत नाही, पण अजून एक रुपया घालायचा नाही.

दोन्ही मिळून सुमारे ३७,८००. सगळे सोनेतारणात भरा. उरले ४२,२००, त्यावर व्याज महिन्याला साधारण ४२२. हे झेपण्यासारखं आहे. म्हणून बिटकॉइन आज विकायची गरज नाही, त्यात ४०,००० ची करमुक्त वाट शिल्लक आहे. मात्र दोन अटी. कापसाचे पैसे मुदतीच्या आत नक्की येत असतील तरच. आणि मुदतीच्या दोन महिने आधी कापसाची खात्री नसेल तर भाव काहीही असो, उरलेल्या कर्जापुरतं बिटकॉइन विकायचं. ती तारीख आजच कॅलेंडरवर लिहायला सांगा.

केळीबाग, सावदा

अंशतः भरणा करताना बँकेत नुसते पैसे जमा करून येऊ नका. रक्कम मुद्दलात वळती झाली का आणि नवं व्याज किती, ते पावतीवर बघून घ्या. काही ठिकाणी आधी थकलेलं व्याज वजा होतं आणि मुद्दल हलतच नाही.

सराफबाजार, जळगाव

घाईत विकताना पी-टू-पीवर (दोन व्यक्तींतला थेट व्यवहार) बाजारापेक्षा दोन-तीन रुपये जास्त देणारा भेटतो. तिथे थांबा. सायबर फसवणुकीचे पैसे अशाच खात्यांतून फिरवले जातात आणि पुढे पोलिसांच्या सांगण्यावरून बँक तुमचं खातं गोठवते. मग कॉइनही गेलं आणि पैसेही अडकले. एफआययूकडे (केंद्र सरकारचा आर्थिक गुप्तवार्ता विभाग) नोंदणी असलेल्या एक्स्चेंजवर विकून थेट आपल्या खात्यात पैसे घ्या. पी-टू-पी करायचंच असेल तर समोरच्याच्या बँक खात्यावरचं नाव आणि केवायसीचं नाव तंतोतंत जुळलं पाहिजे. तिसऱ्याच्या खात्यातून पैसे आले तर कॉइन सोडू नका. आणि "तुमचा तोटा वसूल करून देतो, आधी फी भरा" असे मेसेज टेलिग्रामवर येऊ लागले की ती दुसरी फसवणूक आहे. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता असते.

गोमाई, शहादा

एक्स्चेंजची जोखीम राहिली. २८ डिसेंबर २०२३ ला एफआययूने ९ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा दिल्या आणि पुढच्या महिन्यात त्यांची संकेतस्थळं आणि ॲप भारतात बंद झाली. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्सवर सुमारे २३ कोटी डॉलरची चोरी झाली आणि ग्राहकांचा व्यवहार वर्षाहून जास्त काळ थांबला. खाली पडलेली पोझिशन "ठेवायची" ठरवली असेल तर ती कुठे ठेवली आहे हेही ठरवा. वर्षभर हात लावायचा नसलेला माल स्वतःच्या हार्डवेअर वॉलेटमध्ये (कॉइनच्या चाव्या जपणारं वेगळं उपकरण) न्या, आधी अगदी थोडी रक्कम पाठवून पत्ता आणि नेटवर्क तपासा, सीड फ्रेज (वॉलेट परत उघडायला लागणारे शब्द) कागदावर लिहा, फोनमध्ये फोटो काढू नका. वॉलेटमध्ये नेलं की स्टॉप लावता येत नाही. ज्याला स्टॉप हवा तो माल एक्स्चेंजवरच राहील, दोन्ही एकदम मिळत नाही.

पांझरा, धुळे

लेखापालभाऊ, ज्याचं उत्पन्न फक्त शेतीचं आहे आणि क्रिप्टोत सगळा तोटाच झालाय, त्याने रिटर्न भरायची गरज आहे का?

लेखापाल, अमळनेर

भरावं. सगळे सौदे तोट्याचे असले तरी विक्रीवर १ टक्का कापलेला आहे आणि तो रिटर्न भरल्याशिवाय परत येत नाही. वर्षात ५ लाखांची विक्री झाली असेल तर ५,००० रुपये पडून आहेत. आयटीआर-१ किंवा ४ चालत नाही, आयटीआर-२ किंवा ३ भरायचा आणि त्यातल्या शेड्यूल व्हीडीएमध्ये (क्रिप्टोचा तक्ता) प्रत्येक व्यवहार: घेतल्याची तारीख, विकल्याची तारीख, खरेदीची किंमत, विक्रीची रक्कम. तोट्याच्या ओळीही भरायच्या, तिथे उत्पन्न शून्य धरलं जातं. एआयएसमध्ये (आयकर खात्याकडचं तुमच्या व्यवहारांचं वार्षिक पत्रक) विक्रीचा आकडा सरकारकडे आधीच गेलेला असतो, तो रिटर्नमध्ये दिसला नाही की नोटीस येते. आणि एखाद्या सौद्यात नफा झाला असेल तर बाकी उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असलं तरी त्या नफ्यावर पहिल्या रुपयापासून कर लागतो.

व्यवहारांची सीएसव्ही फाइल दर तीन महिन्यांनी उतरवून ठेवा. एक्स्चेंज बंद पडलं की खरेदीचा पुरावा जातो, आणि खरेदी सिद्ध झाली नाही तर तोट्याची विक्रीही पूर्ण नफा म्हणून धरली जाण्याची भीती असते. फाइलसोबत बँकेचं स्टेटमेंट आणि १ टक्का टीडीएसचं प्रमाणपत्रही त्याच फोल्डरमध्ये ठेवा.